‘जखमीवर उपचार सुरू आहेत’ याच्या पुढचे

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कोणत्याही मराठी दैनिकाचे जिल्हा पान उघडले की एका कोपऱ्यात ही बातमी असतेच: दुचाकीला अज्ञात वाहनाची किंवा टेम्पोची धडक, एक ठार, एक गंभीर. शेवटची ओळ ठरलेली, ‘जखमीवर उपचार सुरू असून पुढील तपास पोलीस करीत आहेत.’ ठार झालेल्याची बातमी तिथे संपते. जखमीची मात्र तिथून सुरू होते आणि ती दोन-चार वर्षे चालते. त्या काळात त्याला काय मिळणार हे बहुतेक वेळा पहिल्या दहा-पंधरा दिवसांतल्या चार कागदांवर ठरून गेलेले असते. त्या कागदांविषयी हे पत्र आहे.

अपघाताच्या बातमीने कायदा घडल्याचे उदाहरण आपल्याकडे आहे. दिल्लीच्या एका इंग्रजी दैनिकात बातमी आली होती. मोटारीने उडवलेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयात नेले, तर ‘पोलीस केस आहे, आम्ही घेत नाही’ म्हणून त्याला वीस किलोमीटरवरच्या दुसऱ्या रुग्णालयात पाठवले. तो वाटेतच गेला. ते कात्रण जोडून परमानंद कटारा सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ऑगस्ट १९८९ मध्ये निकाल लागला: आधी जीव वाचवा, पोलिसांचे सोपस्कार नंतर. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरला हे बंधन आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३४ मध्येही तेच लिहिलेले आहे. तरी ‘आधी डिपॉझिट भरा’ हे वाक्य आजही कॅज्युअल्टीच्या दारात ऐकू येते.

म्हणून पहिली गोष्ट पैशाची. ५ मे २०२५ पासून केंद्राची रस्ते अपघातग्रस्तांसाठीची कॅशलेस उपचार योजना लागू आहे. अपघाताच्या दिवसापासून सात दिवस, माणशी दीड लाख रुपयांपर्यंत उपचार. रेशनकार्डाचा रंग विचारला जात नाही आणि चूक कोणाची हेही नाही. योजनेत नाव असलेल्या रुग्णालयात सगळे उपचार होतात, नसलेल्या रुग्णालयात रुग्ण स्थिर होईपर्यंतचे. अट एवढीच की हा रस्त्यावरचा, वाहनाचा अपघात आहे असा दुजोरा पोलिसांनी द्यायला हवा. जिवावरचे नसेल तर चोवीस तासांत, जिवावरचे असेल तर अठ्ठेचाळीस तासांत. गाडे अडते ते इथेच. नातेवाईक १०८ ची रुग्णवाहिका बोलावतात, पण ११२ ला फोन करायचे कोणाला सुचत नाही, मग ठाण्यात नोंद दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होते आणि तोवर रुग्णालयाने रोखीने बिल लावलेले असते. दोन्ही फोन करावेत, आणि ११२ ला फोन केल्याची वेळ मोबाइलमध्ये जपून ठेवावी.

उचलून नेणाऱ्याने घाबरण्याचे कारण नाही. कलम १३४-अ नुसार मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव-पत्ता सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचे की नाही हे तोच ठरवतो. फक्त एक चूक टाळावी. पडलेल्याचे हेल्मेट हिसका देऊन काढू नये. श्वास चालू असेल तर पट्टा सैल करून काच वर करावी आणि मान तशीच धरून ठेवावी. काढायचेच झाले तर दोघांनी काढावे, एकाने खालून मान आणि जबडा धरायचा, दुसऱ्याने हेल्मेट दोन्ही बाजूंनी फाकवून सरळ रेषेत ओढायचे. आणि तोंडात पाणी ओतू नये. आपल्याकडे पहिला हात पाण्याच्या बाटलीकडेच जातो.

आता तो कागद, ज्यावर मला वाटते निम्मे दावे हरतात. कॅज्युअल्टीत रात्री दहा-साडेदहाला निवासी डॉक्टर विचारतो, ‘काय झालं?’ सोबत आलेला मेहुणा किंवा शेजारी घाईत सांगतो, ‘गाडीवरून पडले.’ त्यात खोटे काही नाही, माणूस गाडीवरूनच पडला आहे. पण डॉक्टर एमएलसीच्या, म्हणजे पोलिसांत जाणाऱ्या प्रकरणांच्या, रजिस्टरात ‘फॉल फ्रॉम बाइक’ असे लिहितो. दोन वर्षांनी विमा कंपनीचा वकील तेवढ्याच तीन शब्दांची प्रमाणित प्रत काढून मोटार अपघात दावा प्राधिकरणासमोर ठेवतो: पाहा, दुसरे वाहन नव्हतेच, ट्रक नंतर घुसवला. मग साक्षीदार आणा, डॉक्टरला समन्स काढा, आणि डॉक्टर तोवर दुसऱ्या जिल्ह्यात. म्हणून सोबत जाणाऱ्याने पूर्ण वाक्य सांगावे: अमुक रस्त्यावर, इतक्या वाजता, मागून आलेल्या टेम्पोने धडक दिली, नंबर हा, किंवा नंबर दिसला नाही. आणि डॉक्टरने काय लिहिले ते वाचून दाखवायला सांगावे. ‘दारूचा वास’ असा शेरा दिसला आणि तो खरा नसेल, तर रक्ताचा नमुना घ्यायला तिथेच सांगावे. कायद्यातली मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम अशी आकड्यात आहे, नाकाला आलेल्या वासात नाही.

डिस्चार्ज कार्डावरही हाच इतिहास उतरतो. तिथे चूक राहिली असेल तर घरी जाण्याआधी लेखी अर्ज देऊन दुरुस्त करून घ्यावी. सहा महिन्यांनी केलेली दुरुस्ती ‘सांगून केलेली’ म्हणून बाजूला पडते.

दुसरा कागद पोलिसांचा. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेची कलमे लागतात: बेदरकार चालवल्याबद्दल २८१, दुखापत आणि गंभीर दुखापतीसाठी १२५. हद्द आमची नाही म्हणून कोणतेही ठाणे परत पाठवू शकत नाही, शून्य क्रमांकाने फिर्याद घ्यावीच लागते, आणि तिची प्रत फिर्यादीला फुकट मिळते. जखमी बेशुद्ध असेल तर घरच्यांनी किंवा पाहणाऱ्याने फिर्याद द्यावी. तो शुद्धीवर येईपर्यंत थांबू नये. उशीर झालाच तर कारण फिर्यादीतच लिहावे, ‘आयसीयूत होतो’ एवढे पुरते. कारण न लिहिलेला वीस दिवसांचा उशीर हा विमा कंपनीच्या लेखी जवाबाचा पहिला मुद्दा असतो.

यापुढचा भाग बहुतेक जखमींना कोणी सांगतच नाही. १ एप्रिल २०२२ पासून केंद्रीय मोटार वाहन नियमांत पोलिसांसाठी तारखांचे वेळापत्रक आहे. खबर मिळाल्यापासून ४८ तासांत पहिला अपघात अहवाल दावा प्राधिकरणाला आणि विमा कंपनीला जायचा. १० दिवसांत जखमीच्या हातात फॉर्म दोन द्यायचा. त्यात त्याचे हक्क आणि पुढची प्रक्रिया छापलेली असते. चालक आणि मालकाने आपापले फॉर्म ३० दिवसांत भरून द्यायचे. ५० दिवसांत अंतरिम अहवाल. जखमीने आपला फॉर्म सहा ६० दिवसांत द्यायचा: उत्पन्न, खर्च, दुखापत, घरातली माणसे. ९० दिवसांत सविस्तर अहवाल प्राधिकरणात, आणि कायद्याप्रमाणे तो अहवालच दाव्याचा अर्ज मानता येतो. डिसेंबर २०२२ मध्ये गोहर मोहम्मद प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने हे नियम काटेकोर पाळायचे निर्देश सगळ्या राज्यांना दिले. म्हणजे नियम आहे, निकाल आहे, छापील फॉर्म आहे. तो जखमीच्या उशाशी पोहोचत नाही, एवढेच. तपासी अंमलदाराकडे तो लेखी मागावा आणि अर्जाच्या स्थळप्रतीवर ठाण्याचा शिक्का व आवक क्रमांक घ्यावा. तोंडी मागितलेल्या फॉर्मची नोंद कुठेच राहत नाही.

घटनास्थळाचा पंचनामा होतो तेव्हा घरच्यांपैकी कोणीतरी तिथे असावे. ब्रेकच्या खुणा, काचांचे तुकडे कोणत्या कडेला पडले, रस्त्याची रुंदी किती, दुभाजक होता का, दिवा चालू होता का, हे सगळे त्या दोन पानांत येते आणि चूक कोणाची हे त्यावरूनच वाचले जाते. कच्च्या नकाशात मोटारसायकल रस्त्याच्या ‘चुकीच्या’ बाजूला दाखवली असेल तर तेव्हाच बोलावे. धडकेनंतर गाडी फरफटत गेली असेल, तर जिथे पडली ती जागा आणि जिथे धडक बसली ती जागा वेगळी असते. नकाशात दोन्ही हव्यात. दुचाकी आरटीओच्या निरीक्षकाने तपासल्याशिवाय गॅरेजात देऊ नये. तपासणीनंतर ती सुपूर्तनाम्यावर परत मिळते. फुटलेले हेल्मेट भंगारात देऊ नका. ते घातले होते याचा सर्वांत बोलका पुरावा तेच असते. त्याचा फोटो काढून पिशवीत घालून ठेवा.

धडक देणारा बऱ्याचदा तिथेच म्हणतो, ‘पोलीस नको, आपसात मिटवू, दवाखान्याचं मी बघतो.’ पंधरा हजार हातात पडतात आणि एका कागदावर सही होते. नडगीचे हाड मोडून बाहेर आले असेल तर त्या पंधरा हजारांत पहिल्या दिवसाची शस्त्रक्रियाही होत नाही. आधी जखम धुऊन बाहेरून सळयांचा सांगाडा, मग रॉड. जंतुसंसर्ग झाला तर महिनोन्‌महिने ड्रेसिंग, हाड जुळेना तर कमरेचे हाड काढून तिथे भरणे, आणि वर्ष-दीड वर्षाने रॉड काढायची आणखी एक शस्त्रक्रिया. तडजोड करणाऱ्याला पहिल्या दिवशी यातले काही दिसत नाही.

म्हणून बिले. औषधाच्या प्रत्येक बिलावर रुग्णाचे नाव आणि डॉक्टरचे नाव हवे, सोबत चिठ्ठी हवी. फिजिओथेरपीच्या पावतीवर तारखा, रिक्षाच्या खेपा वहीत, शस्त्रक्रियेआधीचा आणि नंतरचा एक्स-रे, दोन्ही जपून. सांभाळायला ठेवलेल्या माणसाला दिलेले पैसे बँकेतून द्यावेत किंवा पावती घ्यावी. कामाच्या ठिकाणाहून बिनपगारी रजेचा दाखला, पगाराच्या स्लिपा, धंदा असेल तर तीन वर्षांची विवरणपत्रे. मेडिक्लेमने मूळ बिले मागितली तर त्यांच्याकडून शिक्क्यानिशी प्रती घ्याव्यात. मेडिक्लेमने पैसे दिले म्हणून अपघाताच्या भरपाईतून ते वजा करता येत नाहीत, असा निकाल मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने मार्च २०२५ मध्ये दिला आहे. आपण हप्ते भरून घेतलेल्या विम्याचा फायदा धडक देणाऱ्याला कशाला?

कोणाला कोणत्या विम्यातून मिळते यावर दुचाकीवाल्यांचा सर्वांत जास्त गोंधळ दिसतो. दुसऱ्या वाहनाची चूक असेल तर चालवणारा आणि मागे बसलेला, दोघांनाही त्या वाहनाच्या विम्यातून मिळते. दोन्ही वाहनांची चूक असेल तर चालवणाऱ्याच्या रकमेतून त्याच्या चुकीएवढी कपात होते. मागे बसलेल्याच्या रकमेतून होत नाही, तो पूर्ण रक्कम दोघांपैकी कोणाकडूनही मागू शकतो (सर्वोच्च न्यायालय, २०१५). पण चूक फक्त आपल्याच दुचाकीची असेल आणि तिला नुसता ‘थर्ड पार्टी’ विमा असेल, तर मागे बसलेल्या बायकोला त्यातून काही मिळत नाही. हा २००६ चा निकाल. ‘फुल’ म्हणजे पॅकेज पॉलिसी असेल तर मिळते. वर्षाला काही शे रुपये वाचवताना हा फरक दुकानातला एजंट सांगत नाही.

स्वतः घसरून पडलेल्या मालकाला आपल्याच विम्यातून आधार एकच, सक्तीचा वैयक्तिक अपघात विमा, २०१८ पासून १५ लाखांचा. त्यात मृत्यू आणि कायमचे पूर्ण अपंगत्व येते. एक हात, एक पाय किंवा एक डोळा गेला तर निम्मे. मोडलेल्या हाडाचे काही नाही. आणि अपघाताच्या दिवशी लायसन्स चालू असायलाच हवे. मित्राची गाडी मागून नेलेला माणूस कायद्याच्या नजरेत त्या गाडीच्या मालकाच्या जागी उभा असतो, त्या गाडीच्या विम्यापुढे तो ‘तिसरा’, म्हणजे थर्ड पार्टी, नाही (२०२० चा रामखिलाडी निकाल). गावाकडे एकच मोटारसायकल चार घरांत फिरते, तिथे हे माहीत असायला हवे. धडक देणाऱ्या वाहनाचा विमा चालू आहे का, हे नंबर टाकला की ‘एम-परिवहन’ ॲपवर दिसते. त्या दिवशीच स्क्रीनचा फोटो काढून ठेवावा. पाच वर्षांचा थर्ड पार्टी विमा नव्या दुचाकीला २०१८ च्या सप्टेंबरपासून आला. तो संपला की नूतनीकरण करायचे असते हे अनेकांच्या ध्यानातच राहत नाही. अशा बिनविम्याच्या दुचाकीने कोणाला उडवले तर भरपाई मालकाच्या घरादारावर बसते, जमीन महसुलाच्या थकबाकीसारखी जिल्हाधिकाऱ्यांमार्फत वसूल होते.

दोन सापळे सांगतो. पहिला अडीच लाखांचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६४ प्रमाणे गंभीर दुखापतीला चूक सिद्ध न करता अडीच लाख आणि मृत्यूला पाच लाख मिळतात. हाडाला साधी चीर गेली, दात तुटला, तरी कायद्याच्या व्याख्येत ती गंभीर दुखापत. किरकोळ फ्रॅक्चर असेल, चूक आपली की त्याची याचा भरवसा नसेल, तर हा रस्ता चांगला, घ्यावा. पण ही रक्कम स्वीकारली की कलम १६६ चा, म्हणजे चूक सिद्ध करून मागायचा मोठा दावा आपोआप संपतो. पाय कापलेल्या माणसाने अडीच लाखांवर सही केली तर परतीची वाट नाही. दुसरा सापळा घाईच्या प्रस्तावाचा. विमा कंपनीच्या अधिकाऱ्याने तीस दिवसांत प्रस्ताव द्यायचा असतो. त्या वेळी बहुतेकांचे हाड जुळलेलेही नसते, अपंगत्व किती राहणार हे कोणी सांगू शकत नाही. उपचार चालू आहेत, अपंगत्वाची तपासणी बाकी आहे, असे लेखी देऊन प्रस्ताव नाकारता येतो. नाकारला म्हणून दावा बुडत नाही, सुनावणीची तारीख पडते.

मुदत मात्र सहा महिन्यांची धरून चालावे. अपघातापासून सहा महिन्यांत दावा दाखल करायचा, हे कलम १६६(३) २०२२ पासून लागू आहे. त्याला आव्हान दिलेले आहे आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अंतरिम आदेशाने सांगितले, केवळ मुदतीवरून दावे फेटाळू नका. अंतरिम म्हणजे अंतरिम. त्याच्या भरवशावर बसू नये. दावा अपघाताच्या ठिकाणी किंवा आपण राहतो तिथल्या प्राधिकरणात टाकता येतो. सोलापूरच्या माणसाला पनवेलजवळ धडक बसली म्हणून तारखांना रायगडला जायची गरज नाही.

रक्कम कशी निघते ते एकदा हिशेबाने पाहू. बत्तीस वर्षांचा वेल्डर, महिना अठरा हजार. वर्षाचे २,१६,०००. स्वतःचा धंदा आणि वय चाळीसच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवून ३,०२,४००. ३१ ते ३५ वयाला गुणक १६: ४८,३८,४००. आता याला कमाईची क्षमता किती टक्के गेली त्याने गुणायचे. ३० टक्के धरले तर १४,५१,५२०, १५ धरले तर ७,२५,७६०. सारा झगडा या एका आकड्याचा आहे. सिव्हिल हॉस्पिटलच्या दाखल्यावर ‘उजवा पाय ३० टक्के’ असते तेव्हा ते त्या पायापुरते असते. सगळ्या शरीराचे ते कमी भरते. पण न्यायालयाने शरीराचे टक्के मोजायचे नसून धंद्याचे मोजायचे असतात, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१० च्या राजकुमार निकालात स्पष्ट आहे. त्यातलेच उदाहरण: डावा हात गेला तर सुताराची किंवा ड्रायव्हरची कमाई जवळजवळ शंभर टक्के गेली, सरकारी कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. वेल्डरला उकिडवे बसता येत नाही, शिडीवर चढता येत नाही, हे दाखल्यात आपोआप येत नाही. डॉक्टरने तसे लिहावे लागते आणि साक्षीला येऊन सांगावे लागते. नुसता दाखला दाखल करून भागवणारे वकील अशिलाचे नुकसान करतात, असे माझे स्पष्ट मत आहे. या रकमेत उपचाराचा खर्च, बुडालेली मजुरी, वेदना, पुढची शस्त्रक्रिया, आहार आणि ये-जा हे वेगळे मिळवायचे, वर अर्जाच्या तारखेपासून व्याज.

हेल्मेट नव्हते किंवा ट्रिपल सीट होते, मग काहीच मिळणार नाही, हा समज चुकीचा आहे. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मोहम्मद सिद्दिक प्रकरणात सांगितले की तिघे बसले होते एवढ्यावर भरपाई कापता येत नाही. तिघे बसल्यामुळेच अपघात झाला किंवा इजा वाढली हे दाखवावे लागते. उच्च न्यायालयाने केलेली दहा टक्क्यांची कपात तिथे रद्द झाली. हेल्मेटलाही तेच तर्कशास्त्र लागते: पाय मोडला असेल तर हेल्मेटचा काय संबंध? डोक्याला मार असेल तर मात्र कपातीचा धोका खरा आहे. अर्थात भरपाईतली कपात टाळण्यासाठी कोणी हेल्मेट घालत नाही. २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसे गेली, त्यांत ७४,८९७ दुचाकीवरची, आणि हेल्मेट न घातलेली ५०,०२९. त्या पन्नास हजारांत १४,३३७ मागे बसलेले होते.

हेल्मेट आयएस ४१५१ च्या आयएसआय खुणेचेच हवे. जून २०२१ पासून बिगर आयएसआय हेल्मेट बनवणे-विकणेच गुन्हा आहे, तरी रस्त्याच्या कडेला दोरीवर टांगलेली विकली जातातच. आतला पांढरा थर्माकोलसारखा थर चेपून धक्का खातो, आणि तो एकदाच चेपतो. आपटलेले हेल्मेट वरून साबूत दिसले तरी ते संपलेले असते. पट्टा लावून हेल्मेट मागच्या बाजूने वर ढकलून पाहावे. पुढे निसटून आले तर माप मोठे आहे. पट्टा न लावलेले हेल्मेट धडकेआधीच उडते, ते दंड चुकवण्यापुरतेच.

नियमांच्या पुस्तकातला माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित नियम क्रमांक १२३. मागे बसणाऱ्यासाठी धरायला मूठ, पाय ठेवायला जागा, आणि मागचे चाक निदान निम्मे झाकेल असे आवरण, म्हणजे आपले साडीगार्ड. नवी गाडी घेतली की ‘लूक बिघडतो’ म्हणून पोरे पहिल्या आठवड्यात ते उतरवतात, काही शोरूमही काढून देतात. एका बाजूला पाय टाकून बसलेल्या बाईचा पदर किंवा ओढणी चाकात गेली की ती साखळीकडे ओढली जाते, गळ्याला फास बसतो आणि ती पाठीवर आपटते. हेल्मेटही नसते. वर चालवणारा नवरा किंवा मुलगा, म्हणजे चूक आपल्याच दुचाकीची, आणि विमा नुसता थर्ड पार्टी. वर सांगितलेले सगळे वाईट एकाच ठिकाणी गोळा होते. लहान मुलांसाठीही १५ फेब्रुवारी २०२३ पासून नियम आहे: नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला चालवणाऱ्याशी बांधणारा पट्टा, मापाचे हेल्मेट, आणि वेग ताशी चाळीसच्या आत. पेट्रोलच्या टाकीवर बसवलेले मूल धडकेत आधी हँडलवर आपटते.

धडक देऊन वाहन पळाले आणि सापडले नाही, तर २०२२ च्या योजनेत गंभीर जखमीला पन्नास हजार आणि मृताच्या वारसांना दोन लाख. अर्ज न्यायालयात नाही, अपघात जिथे झाला तिथल्या प्रांत किंवा तहसील कार्यालयात. चौकशीला एक महिना, जिल्हाधिकाऱ्यांच्या मंजुरीला पंधरा दिवस, पैसे यायला पंधरा. जानेवारी २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांना बजावले की या योजनेची माहिती जखमींना तुम्हीच द्यायची. पन्नास हजार कमी आहेत हे खरे, पण तेही मागायला कोणी जात नाही.

खड्ड्याचा प्रश्न निराळा. दुसरे वाहन नाही, म्हणून विमा नाही. पण १३ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई उच्च न्यायालयाने खड्डे आणि उघड्या मॅनहोलमुळे झालेल्या मृत्यूला सहा लाख आणि जखमींना इजेप्रमाणे पन्नास हजार ते अडीच लाख देण्याचा आदेश दिला. महापालिका हद्दीत आयुक्त आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे सचिव यांच्या समितीने ते ठरवायचे. इथे पुरावा म्हणजे खड्डा, आणि अपघातानंतर तो दुसऱ्या दिवशी पहाटेपर्यंत बुजवलेला असतो. त्यामुळे त्याच रात्री फोटो काढावेत: एक जवळून, शेजारी हेल्मेट किंवा पाण्याची बाटली ठेवून खोली दिसेल असा, आणि एक लांबून, मागे दुकानाची पाटी किंवा विजेच्या खांबाचा नंबर येईल असा.

शेवटी वॉर्डात फिरणाऱ्या एजंटांविषयी. ‘एक रुपया देऊ नका, आल्यावर तीस टक्के’ असे म्हणत ते कोऱ्या वकीलपत्रावर जखमीचा अंगठा घेतात. निकालावर टक्केवारीने फी ठरवायला बार कौन्सिलच्या नियमांत मनाई आहे. महिलांना उत्पन्न कितीही असले तरी, आणि वार्षिक उत्पन्न तीन लाखांच्या आत असलेल्या कोणालाही, जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो. लोकअदालतीत मिटवताना एवढे ध्यानात ठेवावे की तिथल्या निवाड्यावर अपील नाही. आकडा पटला नाही तर तिथे सही करू नये.

आपल्या वार्ताहरांना एक विनंती. अपघाताची बातमी घेताना तपासी अंमलदाराला दहा-बारा दिवसांनी परत फोन करावा आणि एकच विचारावे: जखमीला फॉर्म दोन दिला का, कोणत्या तारखेला? जे उत्तर येईल ते त्याच पानावर, ठाण्याच्या नावानिशी छापावे.

आपला,
मोटार अपघात दाव्यांचे काम करणारा एक वाचक
सातारा